आभाळ आलेल्या दिवसांची कथा : नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या द्राक्षबागेत उभे राहून तुम्ही ‘हवामान बदल’ हा शब्द उच्चारलात, तर समोरचा शेतकरी सौजन्याने मान डोलावेल आणि गप्प राहील. ‘वातावरण कसं आहे?’ असे विचारलेत, तर मात्र तो अर्धा तास बोलेल, कारण आभाळ येणे, धुई पडणे, हवेतला दमटपणा, डावणीची (द्राक्षाच्या पानांवर आणि घडांवर येणाऱ्या बुरशीजन्य रोगाची) भीती आणि त्यापोटी वाढणारा औषधाचा खर्च हे सगळे त्या भागात ‘वातावरण’ याच एका शब्दात मावते. बदलत्या हवामानात जगणाऱ्या साध्या माणसांची कथा ज्यांना लिहायची आहे, त्यांनी पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी, की आपला विषय लोकांच्या तोंडी आधीपासूनच आहे. फक्त तो आपण वर्तमानपत्रात वाचतो त्या नावाने तिथे ओळखला जात नाही.

गेली काही वर्षे मी नाशिकमध्ये नवोदितांच्या कथा वाचते आहे. त्यांतल्या बऱ्याच कथा अवकाळी पाऊस, गारपीट, दुष्काळ यांवरच्या असतात, मनापासून लिहिलेल्या असतात, आणि तरीही एकसारख्या असतात. पाऊस येतो, पीक जाते, माणूस खचतो. या लेखात मी ज्या क्रमाने पुढची पावले सांगते आहे, त्यामागे एकच म्हणणे आहे : हवामान हे कथेत संकट म्हणून नव्हे, तर माणसाच्या निर्णयाची वेळ बिघडवणारी गोष्ट म्हणून यावे. काम कधी करायचे हे ज्याला वडिलांकडून पक्के ठाऊक होते, त्याला ते आता ठाऊक नाही, आणि तरीही काम तर करावेच लागते. कथा तिथे सुरू होते.

पहिली पायरी : एक माणूस, एक काम, एक हंगाम

‘शेतकरी’ या नावाचा माणूस कुठे राहत नाही. नाशिक हा जिल्हा एवढा भिन्न आहे की, एका तालुक्याची कथा दुसऱ्यात नेऊन ठेवली तर ती खोटी पडते. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या घाटमाथ्याच्या पट्ट्यात भात, नागली आणि वरई पिकवणाऱ्या गावांवर धो धो पाऊस कोसळतो आणि तरीही उन्हाळ्यात त्यांतल्या कित्येक पाड्यांवरच्या बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. पूर्वेला येवला, नांदगाव आणि सिन्नरचा पूर्वभाग पर्जन्यछायेत आहे. मधे निफाड आणि दिंडोरीत कालव्याचे आणि विहिरीचे पाणी, द्राक्षे, कांदा, टोमॅटो. उत्तरेला बागलाणात डाळिंब आणि लवकर छाटली जाणारी द्राक्षे. मालेगावात पत्र्याच्या छपराखाली चालणारे यंत्रमाग. शहरात गोदाघाटावर बसणारे विक्रेते, भांडी बाजार आणि सराफ बाजारातले दुकानदार, आणि ‘पूर्वी नाशिकला पंखासुद्धा लागत नव्हता’ असे सांगणारी जुनी पिढी.

यांतला एकच माणूस निवडा आणि त्याचे एकच काम घ्या. तो माणूस जमिनीचा मालक असलाच पाहिजे असे नाही, किंबहुना नसला तर बरे. भाताची कापणी उरकून पेठ-सुरगाण्याहून द्राक्षपट्ट्यात उतरणारी मजुरांची टोळी, त्या टोळीला उचल देणारा मुकादम, चाळीतला (साठवणीच्या हवेशीर शेडमधला) कांदा दर काही दिवसांनी निवडणारी घरची सून, टँकरचा चालक, पंचनाम्याला आलेला तरुण तलाठी, उधारीवर औषध देणारा दुकानदार, रात्रपाळीचा माग कामगार, या सगळ्यांच्या वाट्याला तेच आभाळ येते, पण प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा वेगळा तुकडा येतो. निवडताना एक कसोटी लावावी : या माणसाचे काम मी स्वतः जाऊन, किमान चार वेळा, वेगवेगळ्या ऋतूंत पाहू शकते का? उत्तर नाही असे असेल, तर दुसरे पात्र घ्या.

दुसरी पायरी : कामाचे वेळापत्रक पाठ करणे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो आणि नवे लेखक नेमकी हीच गाळतात. द्राक्षाचे उदाहरण सविस्तर देते, कारण त्यातूनच कथेची रचना कशी सापडते ते दिसते.

नाशिकच्या बहुतेक बागांची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर फुटी पोंग्यात, म्हणजे कोवळ्या कोंबाच्या अवस्थेत, येतात, मग घड दिसतात, साधारण पाच-सहा आठवड्यांत फुलोरा येतो, मग मणी सेट होतात, घड संजीवकाच्या (वाढीला चालना देणाऱ्या औषधाच्या) द्रावणात बुडवण्याचे डिपिंग होते, नंतर दाटी कमी करण्यासाठी विरळणी (थिनिंग) होते, पुढे मण्यांत पाणी उतरते, गोडी भरते, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तोडणी चालते. यातल्या प्रत्येक अवस्थेत तोच पाऊस वेगळे नुकसान करतो. पोंग्यात किंवा फुलोऱ्यात पाऊस आला, तर डावणी येते, घड कुजतात, गळ होते. पाणी उतरल्यानंतर आला, तर मणी तडकतात आणि महिन्याभरात पेटीत भरायचा माल जागेवर आंबू लागतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खूप खाली घसरला, तर मण्यांची फुगवण थांबते. म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचे पाणी सोडतात. तेव्हा ‘पावसाने बाग गेली’ हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या दिवशी, छाटणीनंतर कितव्या दिवशी, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे. बागायतदार तारखेने बोलतच नाही. तो म्हणतो, ‘बाग पंचेचाळीस दिवसांची आहे.’

याहून खोल गोष्ट खरड छाटणीत दडलेली आहे. एप्रिलच्या छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात, नव्या काडीवरच्या डोळ्यांच्या आत, पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होत असतात. त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात आणि तिला स्वच्छ ऊन लागते. त्या दिवसांत आभाळ आले, पाऊस पडत राहिला, तर बाहेरून वेल हिरवीगार, जोमदार दिसते आणि आत काहीच तयार होत नाही. हे कळते कधी? ऑक्टोबरात, गोडी छाटणीनंतर, फुटी येतात आणि त्यांवर घड नसतात किंवा आलेले घड जिरून त्यांची बाळी (वेलीचा नुसता तणावा) होते तेव्हा. २०२५ च्या मे महिन्यात अवकाळी पाऊस लांबला आणि एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मोसमी पाऊस त्या वर्षी मे संपायच्या आधीच महाराष्ट्रात पोहोचला. द्राक्षपट्ट्यातल्या लोकांनी त्याच वेळी ऑक्टोबरची धास्ती घेतली होती.

लेखक म्हणून याकडे पाहा. कारण मे महिन्यात घडले, परिणाम ऑक्टोबरात दिसला, आणि मधल्या पाच महिन्यांत त्या घरात काय काय ठरले असेल? कर्ज काढले असेल, धाकट्याला महाविद्यालयात घातले असेल, साखरपुडा झाला असेल, आणि हे सगळे रिकाम्या डोळ्यांच्या वेलीवर विसंबून. कुणाचेही चुकलेले नाही आणि तरीही सगळे आधीच चुकलेले आहे. एवढी घट्ट बांधलेली शोकात्म रचना मला कल्पनेने सुचली नसती. ती वेलीने दिली.

कांद्याचेही असेच आहे. उन्हाळ कांद्याचे उळे (रोपांसाठीचे बी) साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलमध्ये, आणि मग तो चाळीत जातो. काढून शेतात पडलेल्या कांद्यावर एक अवकाळी सर आली, तरी वरून तो ठीक दिसतो. चाळीत गेल्यावर काही आठवड्यांत आतून सडू लागतो. घरातली बाई चाळीजवळून जाताना वासावरून ओळखते. विकायचा की ठेवायचा, हा लासलगाव-पिंपळगावच्या लिलावातल्या भावाचा प्रश्न तर आहेच, पण त्याआधी त्या वासाचा प्रश्न आहे, आणि त्या घरात बहुधा नाक एकीचे असते आणि निर्णय दुसऱ्याचा.

तिसरी पायरी : पावसाची वही

एक वही घ्या आणि रोज तीनच ओळी लिहा : आज आभाळ कसे होते, लोक काय काम करत होते, आणि हवेबद्दल कोण काय म्हणाले. शेवटची ओळ कुणाच्या तोंडची आहे तशीच उतरवावी, सुधारू नये. वर्षभराने त्या वहीत तुम्हाला कोणत्याही अहवालात मिळणार नाही असा ऐवज मिळेल.

वहीत तारखेशेजारी नक्षत्रही लिहीत जा. रोहिणी, मृग, आर्द्रा, मघा, हस्त, स्वाती हे आपल्याकडचे पावसाचे खरे पंचांग आहे, आणि जुन्या माणसांच्या मनात पेरणी, लावणी, काढणी त्याच्याशी बांधलेली आहे. हस्ताच्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणणारी आजी आता कोरड्या हस्ताकडे आणि नंतर दिवाळीच्या तोंडावर कोसळणाऱ्या सरींकडे पाहते, तेव्हा तिच्या म्हणी खोट्या ठरत असतात. एका माणसाच्या आयुष्यभराच्या ज्ञानाचा उपयोग संपणे, हे मला गारपिटीपेक्षाही मोठे दुःख वाटते आणि त्यावर आपल्याकडे फार कमी लिहिले गेले आहे.

मागच्या वर्षांसाठी जुनी वर्तमानपत्रे चाळावीत. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्येच आहे. तिथे जाऊन विचारावे. काही तारखा हाताशी असू द्याव्यात : २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ चे गोदावरीचे पूर, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला न थांबलेला परतीचा पाऊस, २६ नोव्हेंबर २०२३ ची अवकाळी व गारपीट. कथेत तारीख सांगायची गरज नसते. तुम्हाला ती ठाऊक हवी, म्हणजे पात्र त्या रात्री काय करत होते ते चुकणार नाही.

चौथी पायरी : निर्णयाचा क्षण शोधणे

आता तुमच्याकडे माणूस आहे, त्याचे काम आहे आणि आभाळ आहे. पुढचा प्रश्न : कोणत्या क्षणी त्याला दोन वाईट मार्गांतला एक निवडावा लागला?

शहरातले उदाहरण घेऊ. गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची पातळी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. समजा, तुमचे पात्र भांडी बाजारातला एक दुकानदार आहे आणि त्याच्या वडिलांनी त्याला नियम घालून दिला आहे : मारुतीच्या कमरेला पाणी लागले की खालच्या फळीवरचा माल माळ्यावर चढवायचा, त्याआधी उगाच हमाल लावायचे नाहीत. वडिलांच्या काळी कमर ते छाती या टप्प्यात माल चढवण्याइतका अवधी मिळे. या वर्षी गंगापूर धरणाचा विसर्ग वाढतो आहे आणि त्याच वेळी शहरात मुसळधार चालू आहे, नाले तुंबले आहेत, पाणी नदीकडूनच नव्हे तर मागच्या गल्लीतूनही येते आहे. तो मारुतीकडे पाहत उभा आहे. नियम पाळावा की मोडावा? नियम मोडणे म्हणजे त्याच्यासाठी वडिलांना खोटे पाडणे आहे. या कथेत ‘हवामान’ हा शब्द एकदाही येणार नाही आणि सगळी कथा त्याचीच असेल.

वाक्यांच्या पातळीवर हे कसे दिसते, ते दोन नमुन्यांतून पाहा. नव्या लेखकाच्या कथेत बहुधा असे वाक्य येते : ‘निसर्गाच्या लहरीपणामुळे नानांच्या डोळ्यांदेखत त्यांची स्वप्ने मातीमोल झाली.’ यात दिसण्यासारखे काहीच नाही. तोच प्रसंग असाही लिहिता येतो :

पहाटे चारला नानांनी ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडला.

‘थांबलं का पाणी?’ मालतीने पडवीतून विचारले.

‘थांबलं नाही. थेंब बारीक झालाय.’

‘अहो, मग आत्ता मारलेलं धुऊन जाईल.’

‘नाही मारलं तर घड जातील.’

डबा एकच उरला होता आणि पिंपळगावचे दुकान नऊला उघडत होते. नानांनी ट्रॅक्टर चालू केला, बंद केला, आणि उतरून हाताचा तळवा आभाळाकडे धरून उभे राहिले.

दुसऱ्या नमुन्यात दुःखाचा एकही शब्द नाही. निर्णयाला लागणारी माहिती मात्र पूर्ण आहे : पाऊस किती, औषध किती, दुकान कधी. वाचकाने स्वतःच मनात ठरवायला सुरुवात करावी, ‘मी असतो तर मारले असते का?’, एवढेच लेखकाने साधायचे असते.

निर्णय घरातल्या सगळ्यांचा नसतो, हेही विसरू नये. सासूचे एक मत असते, मुलाच्या मोबाइलवरचा अंदाज दुसरेच सांगतो, आणि सुनेला कुणी विचारत नाही. टोळीतल्या बाईला तर निर्णयच नसतो. पाऊस आला की तिचा रोज बुडतो, आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत तिला गावी परतता येत नाही. तिची कथा लिहाल, तेव्हा ती कुठे निवड करू शकते ते फार बारकाईने शोधावे लागेल. कदाचित ती निवड एवढीच असेल, की पडावात (टोळीच्या तात्पुरत्या वस्तीत) पाणी शिरल्यावर धान्याची गोणी आधी उचलायची की झोपलेले पोर.

पाचवी पायरी : विज्ञान किती, कुठे

लेखकाला विज्ञान नीट ठाऊक असावे आणि कथेत ते जवळजवळ दिसू नये. औद्योगिकीकरणापूर्वी हवेत दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने उष्ण होते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा कमी वेळात जास्त पडण्याची शक्यता वाढते आणि मधले खंडही लांबू शकतात. एवढे समजले तर ‘पाऊस तेवढाच, पण पडतो वेगळा’ हे लोकांचे निरीक्षण तुम्हाला अडाणी वाटणार नाही.

इथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली म्हणजे, एका गारपिटीकडे बोट दाखवून ‘ही हवामान बदलामुळेच झाली’ असे निवेदकाने म्हणू नये. गारपीट पूर्वीही होत असे. बदल दिसतो तो वर्षानुवर्षांच्या ओघात, म्हणून कथेलाही ओघ हवा : एका घरातल्या तीन पिढ्यांच्या तीन छाटण्या, किंवा एकाच विहिरीच्या कठड्यावरच्या दोराच्या खुणा.

दुसरी सावधगिरी मला अधिक महत्त्वाची वाटते. माणसांनी केलेले नुकसान आभाळाच्या माथी मारू नये. नदीची निळी आणि लाल पूररेषा आखलेली असताना तिच्या आत बांधकामे उभी राहिली असतील, तर घरात शिरलेल्या पाण्याला पावसाइतकीच ती बांधकामेही जबाबदार आहेत. कांद्याचा भाव पडला तो डिसेंबर २०२३ मधल्या निर्यातबंदीने, तर ते कथेत तसेच दिसावे. त्याच हिवाळ्यात अवकाळीही आली होती, आणि त्या घराला दोन्ही एकदम सोसावे लागले. धरणाच्या पाण्याचेही असेच आहे. जायकवाडीचा साठा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर समन्यायी वाटपाच्या २०२३ मध्ये लागू असलेल्या तत्त्वानुसार वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागे, आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून ते सोडण्यात आले. निफाडच्या बागायतदाराला ते आपले पाणी वाटते, आणि मराठवाड्यातल्या बाईला ते प्यायचे पाणी वाटते. दोघेही खरे बोलत आहेत. ज्याला या दोघांनाही एका कथेत, कुणालाही खलनायक न करता आणता येईल, त्याने आवर्जून तो प्रयत्न करावा. मला अजून ते साधलेले नाही.

सहावी पायरी : कागदपत्रे

नुकसानीनंतर घरात कागद येतात आणि ते कथेला फार उपयोगी असतात. पीक विमा घेतला असेल, तर राज्यात २०२५ पूर्वी नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे. सरकारी मदतीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान पंचनाम्यात नोंदवले जावे लागते. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून करायची पिकाची नोंद) झाली नसेल, तर अडचण येते. यांतला प्रत्येक आकडा हा एक प्रसंग आहे : चिखलात उभे राहून फोटो काढणारा मुलगा, ३० आणि ३५ टक्क्यांमध्ये अडकलेला तलाठी, आणि सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे बांधावर गप्प उभा असलेला, वाट्याने जमीन कसणारा माणूस. मदतीची रक्कम बहुतेकदा त्याच्या खात्यावर येत नाही, जमीनमालकाच्या खात्यावर येते. मजुरीच्या बुडालेल्या रोजाचा तर पंचनामाच होत नाही. नियमांची माहिती मात्र जुळवून घ्यावी, कारण ते नियम बदलत राहतात. तुमची कथा ज्या वर्षी घडते, त्या वर्षीचा नियम हवा.

सातवी पायरी : बोली

संवादांत बोली, निवेदनात प्रमाण मराठी, ही वाट नव्या लेखकासाठी सुरक्षित आहे. बागलाण, कळवण, मालेगावकडची कित्येक घरे अहिराणी बोलतात, पेठ-सुरगाण्याकडे कोकणा समाजाची स्वतःची बोली आहे, आणि निफाडची मराठी या दोन्हींहून वेगळी आहे. जी बोली तुम्हाला येत नाही, तिची चार-दोन रूपे वापरून सजावट करू नका. ते बोलणाऱ्याला लगेच कळते आणि दुखावते. नाना, आण्णा, तात्या, बापू, भाऊ, वहिनी, आत्या या हाका मात्र नेमक्या असाव्यात, कारण कोण कुणाला काय म्हणते यावरून घरातला अधिकार आणि जिव्हाळा दोन्ही कळतात.

आठवी पायरी : शेवट

या विषयावरच्या मराठी कथांचा शेवट वारंवार फासाजवळ जाऊन थांबतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे वास्तव आहे आणि त्यावर लिहू नये असे मी म्हणणार नाही. पण कथेला दुसरा शेवट सुचत नाही म्हणून एका माणसाला मारणे, हे त्या माणसावर अन्यायकारक आहे. जी असंख्य माणसे तेवढ्याच वाईट वर्षानंतर सकाळी उठून पुन्हा कामाला लागतात, त्यांच्या सकाळी आपल्या साहित्यात अजून फार थोड्या आहेत. त्या सकाळी काय होते? तडकलेले घड काढून टाकावे लागतात, आणि त्याचीही मजुरी द्यावी लागते. बाग ठेवायची की कुऱ्हाड लावायची, यावर दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. कुणीतरी शेवग्याची रोपे आणते.

दुसरे टोकही टाळावे. शेवटच्या परिच्छेदात कोंब फुटणे, इंद्रधनुष्य दिसणे, लहान मुलाने झाड लावणे, असे काही आले की आधीच्या पंधरा पानांवरचा वाचकाचा विश्वास उडतो. माझ्या अनुभवात चांगला शेवट पुढच्या कामाच्या आरंभाशी येतो. माणूस पुन्हा तोच निर्णय घ्यायला उभा आहे, फक्त या वेळी त्याला आधीपेक्षा एक गोष्ट जास्त ठाऊक आहे, किंवा एक गोष्ट कमी.

नववी पायरी : वाचून दाखवणे

पहिला खर्डा झाला की तो लेखक मित्राला नव्हे, त्या कामातल्या माणसाला वाचून दाखवा. माझ्या एका कथेत सुरगाण्याची एक बाई फेब्रुवारीत विरळणी करत होती आणि कथेतली बाग ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलेली होती. कथा ऐकणाऱ्या एका मजूर बाईंनी मला मधेच थांबवले आणि म्हणाल्या, ‘ताई, फेब्रुवारीत ती कात्री घेऊन तोडणीला असंल. थिनिंग तर डिसेंबरातच उरकतं.’ मी महिना बदलला, आणि बदलल्यावर कळले की नुसता महिना बदलून भागणार नाही. डिसेंबरची पहाट कडाक्याच्या थंडीची, दहिवराने भिजलेली पाने, ओली बाही, बधिर बोटे. आणि त्या बोटांनी एकेक मणी कातरायचा. फेब्रुवारीतली बाई माझ्या कथेत उन्हाला वैतागलेली होती, ती आता उन्हाची वाट पाहू लागली. आभाळ आलेला दिवस तिच्यासाठीही वाईट ठरला, मालकाच्या कारणाहून अगदी वेगळ्या कारणाने. संपूर्ण कथा मला पुन्हा लिहावी लागली आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी खरी झाली.

वाचून दाखवताना ‘आवडली का?’ असे विचारू नका. लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘यात काय चुकलं?’ असे विचारा, आणि ऐकणारा कुठल्या ओळीला मान वर करतो ते पाहा. वयस्कर माणूस असेल तर एवढेच विचारा : ‘तुमच्या वेळी या दिवसांत काय चाललेलं असायचं?’ त्याच्या उत्तरातून पुष्कळदा पुढची कथा निघते.

कथा पाठवायची असेल तर हेही लक्षात असू द्या, की दिवाळी अंकांचे संपादक मजकूर पावसाळ्यातच मागवतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या छाटणीवरची कथा आदल्या वर्षीच्या वहीवरून लिहावी लागते. पाठवण्यापूर्वी ज्यांच्यावरून पात्रे घेतली त्यांची नावे, गावे, विहिरीची दिशा, भावाभावांतल्या वाटणीचा तपशील बदलून टाका. खेड्यात माणूस नावापेक्षा बांधावरून आणि कर्जाच्या आकड्यावरून लवकर ओळखला जातो, आणि ज्यांनी आपल्याला चहा देऊन घरातले बोलणे ऐकू दिले, त्यांना त्या बोलण्याचा गावात त्रास होता कामा नये.